चिमटीतली तार

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

गॅरेजवाल्या मिथुनशी भांडलो आणि भांडण अर्धवट टाकून घरी आलो. आज अक्षर वाईट आलं तर ते त्याच्यामुळे.

गोष्ट तेलाची. समिधाच्या गाडीचं इंजिन ऑइल बदलायचं होतं. औषधाच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर माझी ही लेक रडत बसली नाही. चार वर्षं वापरलेली एक छोटी पांढरी गाडी घेतली, शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक बसवून घेतला आणि छपरावर पाटी लावली: ‘समिधा लेडीज ड्रायव्हिंग क्लास’. आठ महिने झाले. बोईसरच्या बायका येतात, पालघर-सातपाटीच्याही येतात. गाडी बंद तर क्लास बंद.

मिथुनने तेलाचा डबा उघडला. मी सवयीने दोन थेंब घेतले, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून हळूच विलग केली. तार निघाली नाही. तिळाच्या लाडवाचा पाक बघतात तशी तार तेलाचीही निघावी लागते. तारापूरच्या कापड गिरणीत अठ्ठावीस वर्षं मी मागांना तेल घातलं. गिरणीत मला दिनानाथ म्हणून कुणी ओळखत नव्हतं, तेलमास्तर म्हणत. चिमटीत तार आल्याशिवाय एक थेंब मागात जाऊ दिला नाही मी.

म्हटलं, “मिथुन, हे तेल आहे की पाणी?”

“काका, ह्या इंजिनाला हेच लागतंय. झाकणावर लिवलंय बघा.”

झाकणावर शून्य, मग एक इंग्रजी अक्षर, मग वीस.

“शून्य आणि वीस! आमच्या शाळेत एवढे गुण मिळाले तर गुरुजी बाकावर उभं करायचे.”

“ते मार्क नाय काका. पहिला आकडा थंड असतानाचा, दुसरा गरम झाल्यावरचा. आकडा कमी तेवढं तेल पातळ. नव्या इंजिनाच्या वाटा बारीक असतात, पातळच पाहिजे.”

“मला तेल शिकवतोस? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी तेलात हात घालतोय.”

“मागाच्या तेलात, काका. गाडीच्या नाय.”

शेजारी शकूच्या चहाच्या टपरीवर रिक्षावाले बसले होते, ते हसले. समिधाही हसली, तीही त्याच्याकडे बघून. मिथुन मासवणचा, छत्तिशीला आला, लग्न नाही, नखांत कायम काळं. त्याच्याकडे बघून हसण्यासारखं काय आहे?

२७ सप्टेंबर

गाडी मुकी झाली.

सकाळी समिधाने चावी फिरवली. मी अंगणात कान लावून उभा होतो. काही नाही, नुसती हवा गेल्यासारखी. समिधा म्हणते, “बघा बाबा, कसं मऊ चालतंय.” मऊ? यंत्राने आवाज द्यावा. ४८ मागांचं आमचं खातं एकदम सुरू व्हायचं तेव्हा जमीन तालात हलायची. विट्याच्या शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता मी त्या तालावर म्हणत फिरायचो, हातात तेलाची झारी. कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून मोठ्याने म्हणायचो. अकरा नंबरचा माग एक मात्रा चुकायचा. झारीचं नाक लावलं, चार थेंब सोडले की ओळ जागेवर यायची. बाहेर पालघरच्या रस्त्यावर भाताचा वास, आत तेलाचा. गिरणी गेली, माग भंगारात गेले, त्यांची वजनं करताना मी फाटकाबाहेर उभा होतो.

त्या पाण्याने गाडीचा गळा बसवला आहे. मला झोप येत नाही.

२९ सप्टेंबर

आज रत्नाबाई आली होती. सातपाटीची, मासळीवाली, पन्नाशी उलटलेली, हातात पाटी नसली तरी चालताना मान तशीच ताठ. टेस्ट सात तारखेला. तिच्या शिकाऊ लायसनची मुदत अठरा ऑक्टोबरला संपते. संपली की पुन्हा पहिल्यापासून: परीक्षा, कागद, हेलपाटे.

“कशाला गं या वयात गाडी?” मी विचारलं.

“टेम्पोवाला रोज उशिरा येतो, बाबा. बरफाचा पानी होतो नि पापलेट मऊ पडतो. बोईसरच्या बाजारात बायका कल्ले उचकटून बघतात नि नाक मुरडतात. माजा माल ताजा असतो, वाट शिळी असते. भाच्याचा टेम्पो दारात उभा हाय, चालवायला कोन नाय. मीच चालवीन.”

किती सुंदर बोलली! ‘माल ताजा, वाट शिळी.’ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

ती गेल्यावर मला एकदम भीती वाटली. या बाईची वाट त्या शून्य गुणांच्या तेलावर अवलंबून.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

करून टाकलं.

गिरणीत आजच्या दिवशी माग बंद असत. पुसून, झेंडू लावून, प्रत्येकाला नवं तेल. पहिली धार माझ्या हातची. आणि एक रीत होती, ती मोडलेली मी कधी पाहिली नाही: खंडेनवमीला उघडलेला तेलाचा डबा अर्धा ठेवायचा नाही. सगळं तेल यंत्राच्या पोटात गेलं पाहिजे. उरलं तर वर्षभर यंत्र उपाशी राहतं.

समिधा आणि तिची आई सुलू सकाळी देवीला गेल्या. मी काल आणून कपाटामागे लपवलेला डबा काढला. वीस आणि पन्नास, चार लिटर. दुकानदार म्हणाला, “जुन्या गाडीला का, मास्तर?” मी म्हटलं, “चांगल्या गाडीला.” चिमटीत धरलं. अहाहा, बोटभर लांब तार! मधमाशीने सोडावी तशी.

फळ्या टाकून गाडी पुढून दगडांवर चढवली, गिरणीतला पाना घेऊन खाली सरकलो. पाठीने शिव्या दिल्या. मिथुनचं पाणी सुलूच्या गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात सोडलं आणि डबा मोरीमागे ठेवला. मग नवं तेल ओतलं. तीन लिटर गेलं तेव्हा तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, तर तेल वरच्या खुणेला आलेलं. डब्यात अजून बरंच होतं. क्षणभर थांबलो. पण आज नवमी. उरवायचं कसं? सगळं ओतलं. झाकण लावलं, हळद-कुंकू, झेंडू.

कुणाला सांगितलं नाही. टेस्ट पार पडली की सांगेन. बापाने लेकीला द्यावं असं माझ्याकडे दुसरं काय आहे?

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी बोलू लागली! चावी फिरवताच टक-टक-टक-टक, मग हळूहळू घनगंभीर. समिधा दचकली. “बाबा, सुरू करताना हा कसला आवाज?” मी म्हटलं, “ताल धरते आहे.” ती माझ्याकडे बघत राहिली.

सुलू विचारत होती, “अहो, मोरीमागे माझा डबा कशाने भरलाय? हात चिकट झाला.” मी म्हटलं, “जुनं काहीतरी.” खोटं बोललो, पण सणाचं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सर्वनाश.

टेस्टचं मैदान लांब, हायवेने जावं लागतं. पालघरला रत्नाबाई आणि दुसऱ्या दोघी गाडीत बसल्या. मीही होतो, पुढे, समिधाच्या शेजारी. रत्नाबाईने अबोली माळली होती आणि रस्त्यावरच्या खुणा पाठ म्हणत होती, शाळेतल्या पाढ्यासारख्या. “लाल गोल, मंदी आडवी पट्टी, आत जायाचा नाय.” मनोरच्या रस्त्याला लागल्यावर समिधाने वेग घेतला. मासवणच्या अलीकडे मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवून हात दाखवायला लागला. वळून पाहिलं तर आमच्यामागे निळा-पांढरा धूर, चितेसारखा. पुढच्या काचेखाली तेलाच्या झारीचं लाल चित्र पेटलं. समिधाने गाडी कडेला घेऊन बंद केली. मग मिथुनला फोन लावला.

मिथुन आईला भेटायला मासवणातच आला होता. पंधरा मिनिटांत पोचला.

मला गाडीजवळ उभं राहवेना. पुलाजवळ जाऊन सूर्या नदीचं पाणी बघत बसलो. चौथीतली नदीची कविता अख्खी आठवली, दोनदा म्हटली. पाणी एवढं शहाणं, आणि माणसं अशी. परत आलो तेव्हा मिथुनच्या हातात तेलाची पट्टी होती. तेल तिच्यावर खुणांच्या बरंच वरपर्यंत चढलेलं, वर फेस. तो बोटाने चोळत होता. समिधा नदीकडे बघत होती. तिघी बायका एकदम गप्प झाल्या.

माझा संयम सुटला. “बघ! तुझ्या पाण्याने आतून खाल्लं इंजिन! आता फेस काढतंय!”

मिथुनने पट्टी पुसली. समिधाकडे बघितलं. मग मला म्हणाला, “हां काका. माझी चूक झाली. माझ्याकडून जास्त पडलं.”

शेवटी कबूल केलं! चार माणसांत! मी विजयाने समिधाकडे बघितलं. तिने डोळे पुसले. तारीख गेली म्हणून असणार.

रत्नाबाईने केसांतली अबोली काढून पिशवीत ठेवली. ते मला बघवलं नाही.

८ ऑक्टोबर

एक गोष्ट मला खात आहे, ती इथे लिहून टाकतो. ते पाणी गाडीत जेमतेम आठवडाभर होतं. मी माझं तेल घातलं ते उशिरा पोचलं, एवढंच. आठवड्यात आतली कातडी सोलून गेली असणार. माझं तेल नसतं तर पालघरच्या आधीच गाडी बसली असती.

दुपारी गॅरेजवर गेलो. मिथुनने सगळं तेल काढून, गाळणी बदलून पुन्हा तेच पातळ भरलं होतं. तेच! मी शकूच्या टपरीपुढे उभा राहिलो आणि अख्ख्या बोईसरला ऐकू जाईल असा ओरडलो: “हा मिथुन तेलात पाणी घालतो! एका गरीब कोळणीची टेस्ट याने बुडवली! आपापल्या गाड्या सांभाळा!” एक गाडीवाला उघडं बॉनेट आपटून गाडी तशीच घेऊन गेला. दुसऱ्याने चावी परत मागितली.

मिथुन बॉनेटखालून बाहेर आला नाही.

घरी आल्यावर समिधा म्हणाली, “बाबा, बास.” फक्त दोन शब्द. मी म्हटलं, “मी तुझ्यासाठी बोलतोय.” ती आत गेली. ताट वाढताना सुलूने आमटी सांडली आणि पुसलीही नाही.

१० ऑक्टोबर

मिथुन आज पुन्हा येऊन इंजिन ऐकून गेला. कालही आला होता. दुरुस्त झालेल्या इंजिनात रोज काय ऐकायचं असतं? समिधाने त्याला चहा दिला. कपबशीत! मला ग्लासात मिळतो.

टेस्टची नवी तारीख मिळाली: सतरा. मुदत अठरा.

१२ ऑक्टोबर, रविवार

रत्नाबाई घरी आली. समिधा क्लासला, सुलू बाजारात. ओटीवर बसली, बोंबलांची पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, “बाबा, शकूच्या टपरीवर मिथुनच्या नावाने तूच बोंबललास ना?”

“बोंबललो नाही. सत्य सांगितलं.”

“सत्य मी सांगते. तू नदीवर गाना म्हनायला गेलास तवा मिथुनने तेलाची काडी काढली. बोलला, ह्यो तेल माजा नाय. ह्यो जाडा हाय, नि लिटरभर जादा हाय, म्हनून घुसळून फेस झाला नि धूर झाला. तुजी पोर बोलली, घरी मोरीमागे डबा भरलेला मिलाला, तवाच माज्या मनात पाल चुकचुकली होती, पन सनाच्या दिवशी बापाला काय विचारू? मग मिथुनला हात जोडले तिने. बाबांना सांगू नको बोलली.”

मी म्हणालो, “तेल जाड असतं तेव्हाच ते यंत्राला धरून राहतं.”

“तुज्या मागाला राहत असंल. बाबा, जवला बारीक, म्हनून त्याच्या जाल्याचा डोला पन एवढासा. त्यातून तू सुरमई पार करतोस काय? बारीक वाटंला बारीकच लागतो. आमच्यात पोरांना पन ठावं हाय.”

मी बोंबलांची पिशवी उगाच सावलीत सरकवली.

“पोरीने सांगितला नाय, मिथुनने अंगावर घेतला. मला दोघांसारखा लाड करता येत नाय. माजी टेस्ट गेली, मी बोलनार.” उठली. “बोंबील आज रातीच खा. उद्या ऱ्हानार नाय.”

संध्याकाळ

मोरीमागचा डबा नाही. सुलूला विचारलं. म्हणाली, “मिथुन घेऊन गेला, नऊ तारखेला.” म्हणजे हिलाही माहीत.

सगळ्यांना माहीत! लेकीला, बायकोला, गॅरेजवाल्याला, गाडीतल्या तिन्ही बायकांना! पाच दिवस मी या घरात न्यायाधीशासारखा फिरत होतो आणि ही मंडळी माझ्यापुढे चहा ठेवत होती. मी काय तान्हं मूल आहे? की काचेचं भांडं? रागाने कानशिलं तापली आहेत. तेलात खरंच पाणी घातलं असतं तरी इतका राग आला नसता.

पट्टीवरची ती वरची खूण. मी पाहिली होती. पाहून ओतलं. हे कुठल्या रीतीत बसवू?

१३ ऑक्टोबर

शकूच्या टपरीवर मुद्दाम गर्दीच्या वेळेला गेलो. एक रिक्षावाला ओरडलाच, “क्या चाचा, आज किसमें पानी निकला?”

मी तसाच, त्या दिवसाच्याच आवाजात ओरडलो. दुसरा आवाज माझ्याकडे उरलेला नव्हता. “तेलात पाणी नव्हतं! मिथुनचं तेल मी काढून टाकलं! माझं जाड तेल घातलं, चारच्या चार लिटर! कोळणीची टेस्ट मी बुडवली! ऐकलंत?”

शकूच्या हातातली गाळणी तशीच वर राहिली. रिक्षावाले हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं.

मिथुन धावत आला. “काका, हळू. त्या दिवशी ओरडलात तवा दोन गिऱ्हाईकं गेली, आज उरलेली पळतील.”

“माझी चूक म्हणून का सांगितलंस? तोंड नव्हतं तुला?”

तो चिंधीला हात पुसत राहिला. स्वच्छ झालेले हातसुद्धा पुसत राहिला. “समिधा बोलली, बाबांकडे गिरणी नाय ऱ्हायली, मित्र नाय ऱ्हायले. तेलाचंच एक ऱ्हायलंय. ते काढून घेऊ नको.”

‘समिधा’ म्हणाला. मॅडम म्हणाला नाही. हल्लीच्या लोकांना रीतभात नाही.

त्या वाक्याचा मला इतका संताप आला की चहा न घेता निघालो. घरापर्यंत पायी आलो. अर्ध्या वाटेवर थांबून कुंपणाला धरून उभा राहिलो. धाप लागली म्हणून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे गाडीपाशी गेलो. समिधा टायर बघत होती. म्हटलं, “पट्टी बघू का?” ती थोडं थांबली, मग कापड पुढे केलं. “बघा. ओतायचं काही नाही.”

“माहीत आहे.” जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेल दोन खुणांच्या मधोमध. दोन थेंब चिमटीत घेतले, बोटं विलग केली. तार निघाली नाही. बोटं पुसली, पट्टी जागेवर बसवली.

मिथुन ‘इंजिन ऐकायला’ बरोबर आला. गॅरेजवाल्याने इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून इंजिन ऐकायला यावं, हे मला पटत नाही. सुलूला म्हटलं तर ती पदरात तोंड लपवून हसली. या बाईला कशाचं हसू येतं कळत नाही.

मासवणचा पूल आला. मागे वळून बघितलं. रस्ता स्वच्छ. गाडीचा आवाज जवळजवळ नव्हताच, त्यामुळे मागच्या सीटवर रत्नाबाईचं पुटपुटणं शब्द न् शब्द ऐकू येत होतं. “लाल गोल, मंदी आडवी पट्टी.” माग चालू असते तर एक अक्षर कळलं नसतं.

रत्नाबाई पास झाली. मुदतीच्या आदल्या दिवशी. मैदानातून बाहेर आली ती थेट माझ्यापुढे. मला वाटलं आता ओरडेल. तिने केसांतला अबोलीचा गजरा काढला आणि म्हणाली, “धर. त्या दिवशी तुज्यापायी सुकला. आज तूच लाव गाडीला.”

आरशाला बांधला. गाठ बसेना. मिथुन पुढे झाला तर त्याला दटावलं, “मला येतं.” तिसऱ्या वेळेला बसली.

निघण्याआधी समिधाने बॉनेट उघडून पट्टी स्वतः एकदा बघितली. मी सकाळी बघितलेली असताना. राग आला. पण तिच्या जागी मी असतो तर मीही बघितली असती.